नामशेष होण्याआधी

‘नामशेष होऊ लागलेल्या पाच प्राण्यांची नावे लिहा.’ हा प्रश्न सातवीच्या कोणत्याही वर्गात विचारून पाहावा. पहिला वाघ येतो. मग सिंह, गेंडा, पांडा. एखादी मुलगी डोडो लिहिते. डोडो सतराव्या शतकातच संपला, तेव्हा तो या प्रश्नात बसत नाही. पण तिने कुठेतरी वाचलेले असते म्हणून आपण अर्धा गुण देऊन टाकतो. ठाण्याच्या उत्तरेला, कोलशेतच्या मुलांना आम्ही हाच प्रश्न विचारला तेव्हा हीच यादी हाती आली. मुले बसली होती तिथून खाडी चालत पंधरा मिनिटांवर. खाडीतला एकही जीव यादीत नव्हता.

यात मुलांचा दोष नाही. आपल्या पुस्तकांत नामशेष होण्याची घटना नेहमी दूर कुठेतरी घडते आणि एकदम घडते: काल शेवटचा प्राणी होता, आज नाही. प्रत्यक्षात ती आधी गावोगावी घडते. एखादी जात जगातून जाण्याच्या कितीतरी आधी एका खाडीतून जाते, एका डोंगरावरून जाते, एका तळ्यातून जाते. तोवर जगाच्या यादीत तिचे नाव ‘चिंता नाही’ अशा रकान्यात तसेच असते. या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते या आधीच्या टप्प्याविषयी. वाचवण्याची संधी असते ती याच टप्प्यात.

ओहोटीची वेळ पाहून आम्ही मुलांना घेऊन बंदरावर गेलो. कोलशेतची खाडी म्हणजे उल्हास नदीचेच खालचे अंग. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ठाण्याजवळ येते. तिथे तिचा एक चिंचोळा फाटा कळव्याकडून ठाणे खाडीला मिळतो आणि मुख्य पात्र कोलशेत, गायमुख, घोडबंदर असा वळसा घेऊन वसईला समुद्रात शिरते. भरतीचे पाणी पार कल्याणपर्यंत चढते. समोरच्या काठावर भिवंडी तालुक्यातली गोदामे, अलीकडे उंच इमारती आणि मधे तिवरांचा हिरवा पट्टा.

पाणी उतरल्यावर चिखलावर पहिले दिसले ते निवटे. मासा असून चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, डोळे डोक्यावर ठेवून चहूकडे पाहतो. मुले खूश झाली. निवटा हवेतला प्राणवायू ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून घेऊ शकतो, म्हणून पाण्याबाहेर त्याचे अडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

एका मुलाची आजी आमच्याबरोबर आली होती. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायच्या. आम्ही त्यांना एवढेच विचारले, ‘या खाडीत काय काय मिळायचे?’ बोय, चिवणी, खरबी, शिंगाळा, जिताडा, कोळंबीचे प्रकार, चिंबोऱ्या, कालवे, खुबे… आजी थांबेनात, आणि मुलांना लिहून घेता येईना. नंतर मुलांनी यादी पुन्हा वाचली आणि आपण स्वतः खाडीतून निघालेला पाहिला आहे अशा प्रत्येक नावापुढे खूण केली. खुणा थोड्याच झाल्या. त्या मुलाच्या आईने तीच यादी घेऊन केलेल्या खुणा मुलापेक्षा जास्त होत्या, आजीपेक्षा बऱ्याच कमी. गंमत अशी की ‘खाडी आता पूर्वीसारखी राहिली नाही’ हे वाक्य आजी आणि आई दोघींनीही म्हटले, पण दोघींची ‘पूर्वी’ वेगळी होती. मुलाची ‘पूर्वी’ अजून सुरूच व्हायची होती.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एका छोट्या टिपणात नेमकी हीच गोष्ट मांडली. मासेमारीचा अभ्यास करणाऱ्यांची प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला मासळीसाठा हाच मूळचा धरते आणि तिथून घट मोजते. पुढची पिढी त्या घटलेल्या साठ्यालाच मूळचा मानते. मोजपट्टीचा शून्यच सरकत जातो. प्रत्येक पिढीला घट थोडीशीच दिसते. सगळ्या पिढ्यांची मिळून ती प्रचंड असते, पण ती पाहायला कोणी उरत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ‘ऐकीव’ म्हणून बाजूला ठेवू नका, त्या तपासून वापरा, असे पॉलीचे सांगणे होते.

तपासायचे कसे? एक वाट अशी. यादीतल्या प्रत्येक जीवासमोर प्रश्न लिहावा: हा श्वास कुठून घेतो, अंडी कुठे घालतो, वाढतो कुठे? ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. त्यात कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी आले की ते कुजवणारे जिवाणू हा तुटपुंजा साठा खाऊन टाकतात. पाण्यातूनच श्वास घेणाऱ्या माशाची कोंडी होते. निवट्याची होत नाही. खाडीच्या तळाची रेती वर्षानुवर्षे उपसली गेली, तिच्याबरोबर तळात राहणारे जीव गेले. समुद्रातून पिल्ले म्हणून आत येणाऱ्या जातींना वसईपासून इथवरची सगळी वाट चांगली लागते; मधला एक तुकडा बिघडला तरी पुरते. असे रकाने भरत गेले की कोण आधी जाईल आणि कोण तग धरील याचा अंदाज मुलेच बांधू लागतात. चिखलात निवटे भरपूर दिसले म्हणून खाडी ठणठणीत आहे असा निष्कर्ष काढणे किती फसवे, हेही त्यांना आपसूक कळते.

आता थोडे गणित. ‘थोडे तरी उरले आहेत ना, वाढतील पुन्हा’ असे आपण सहज म्हणतो. थोडे म्हणजे किती, याचा एक खेळ आम्ही वर्गात करतो. साहित्य: अर्धे फोडलेले चिंचोके, साधारण दोनशे. चिंचोक्याची एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. एक चिंचोका म्हणजे एक प्राणी. सगळे चिंचोके खाली टाकायचे. पांढरी बाजू वर आली तर तो प्राणी पिल्लू न ठेवता मेला, चिंचोका काढून घ्यायचा. तपकिरी आली तर त्याच्या जागी पुढच्या पिढीत दोन. ही एक फेरी. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे धरले, तर सरासरीने एकाला एक संतती, म्हणजे संख्या वाढतही नाही, घटतही नाही. शिकार नाही, प्रदूषण नाही, रोग नाही. नुसता योगायोग.

वर्गाचे गट पाडून निम्म्या गटांना चार-चार चिंचोके द्यावेत, उरलेल्यांना चाळीस-चाळीस. दहा फेऱ्या कराव्यात. चाळीसवाल्यांची संख्या कधी पंचवीस होते, कधी साठ, पण खेळ चालू राहतो. चारवाल्यांपैकी बरेच जण तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच हात झटकून बसतात. हिशेब करून पाहिला तर चारपासून सुरू केलेला गट दहा फेऱ्यांच्या आत संपण्याची शक्यता ५५ टक्के येते. चाळीसपासून सुरू केलेला गट संपण्याची शक्यता चारशेत एक. (हिशेब सोपा आहे. एका चिंचोक्याचा वंश एका फेरीत संपण्याची शक्यता ०.५. कोणत्याही फेरीचे उत्तर घ्या, त्याचा वर्ग करा, एक मिळवा, निम्मे करा. पुढच्या फेरीचे उत्तर येते. दहाव्या फेरीला ०.८६१ मिळेल. त्याचा चौथा घात ०.५५. नववी-दहावीला हे जरूर करून घ्यावे.)

चाळीस चिंचोके एकाच गटात ठेवले तर ते टिकतात. तेच चाळीस दहा गटांत वाटले, चार-चार, आणि गटांमध्ये देवघेव बंद केली, तर दहांतले पाच-सहा गट संपतात. एकूण संख्या पहिल्या दिवशी तीच होती! रस्ता, भिंत, भराव, कालवा यांनी जंगलाचे किंवा खाडीचे तुकडे पडतात तेव्हा असेच होते. क्षेत्रफळ कागदावर फारसे घटलेले नसते.

मग खेळात एक नियम वाढवावा: दर फेरीला शेजारच्या गटातून एक चिंचोका येईल. गट कोसळले तरी पुन्हा उभे राहू लागतात. मुले विचारतात, खरे प्राणी असे येतात का? याचे उत्तर कोलशेतच्याच पाण्यात आहे.

२००९ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून माळशेज घाटात सोडण्यात आले. सोडण्यापूर्वी विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला होता. वयाने मोठा आणि शांत, म्हणून त्याचे नाव ‘आजोबा’. हा आजोबा चालत निघाला. कसाऱ्याजवळून गेला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक भागाजवळून गेला आणि उल्हासची खाडी पोहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, बहुतेक रात्रीचा आणि माणसांच्या नजरेआड. ज्या पाण्याच्या काठी आम्ही मुलांबरोबर उभे होतो, त्याच पाण्याचे काही किलोमीटर खालचे पात्र त्याने पार केले होते.

बोरिवलीचे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर. २०१५ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांनी केलेल्या मोजणीत तिथे ३५ वेगवेगळे बिबटे ओळखता आले. म्हणजे आपला चाळीस चिंचोक्यांचा गट, आणि सभोवती मुंबई आणि ठाणे. खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे, त्यापुढे सह्याद्रीकडे जाणारी तुटक जंगले. आजोबासारखा एखादा येतो तेव्हा तो संख्येत एकानेच भर घालतो, पण नवे रक्त आणतो. त्याचे महत्त्व अमेरिकेतल्या फ्लोरिडात कळले. तिथल्या प्यूमांची संख्या वीस-तीसवर आली होती. नात्यातल्या नात्यात पैदास होऊन हृदयाचे दोष, वाकड्या शेपट्या, वांझपणा दिसू लागला. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि पुढच्या काही वर्षांत संख्या तिपटीच्या आसपास गेली. फ्लोरिडात मालमोटारीतून आणाव्या लागल्या. आपल्याकडे आजोबा स्वतः चालत आला. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. शरीरात बसवलेल्या चिपवरून त्याची ओळख पटली.

संख्या मोठी असली की निर्धास्त राहावे, असा अर्थ मात्र या खेळातून काढू नये. तो अर्थ गिधाडांनी खोटा ठरवला. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातला बहुधा सर्वांत जास्त संख्येचा मोठा शिकारी-वर्गीय पक्षी होता. गावाबाहेर ढोर टाकले की ती उतरत. मुंबईत मलबार टेकडीवरच्या पारशी दख्म्यावर ती नेहमीची होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली त्यांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरले. कारण सापडले २००४ मध्ये: डायक्लोफिनॅक हे गुराढोरांना दिले जाणारे वेदनाशामक. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या गुराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. सगळी ढोरे विषारी असण्याची गरज नव्हती. ७६० मेलेल्या ढोरांमागे एक ते १३० मागे एक एवढ्या ढोरांत घातक मात्रा असली तरी एवढी घट होऊ शकते, असा हिशेब निघाला. ढोर एक, जेवणारी गिधाडे कित्येक. त्यात गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि पाचेक वर्षांनी वयात येते; नुकसान भरून यायला वेळ लागतो.

म्हणून जीव वाचवण्याच्या कामात दोन प्रश्न निराळे ठेवावे लागतात. ग्रॅम कॉली या शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये त्यांची स्पष्ट फोड केली: संख्या कशामुळे घटते आहे, आणि घटून लहान झालेल्या संख्येला कोणते धोके आहेत. चिंचोक्यांचा खेळ दुसऱ्याचे उत्तर देतो. पहिल्याचे उत्तर शोधायला गुन्हेशोधासारखे कामच करावे लागते. कारण न काढता पिंजऱ्यात पैदास करणे म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी भरणे. गिधाडांच्या बाबतीत दोन्ही झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणला. २०२३ मध्ये तसाच घात करणाऱ्या आणखी दोन औषधांवर, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर, बंदी आली. दुसरीकडे हरियाणातल्या पिंजोर इथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पैदास केंद्र चालवले, आणि तिथली गिधाडे २०२४ मध्ये विदर्भात ताडोबा आणि पेंच इथे आणली गेली. गावात गुरांचे डॉक्टर येतात तेव्हा मुलांनी त्यांना मेलॉक्सिकॅमविषयी विचारावे; ते गिधाडांना अपाय न करणारे वेदनाशामक आहे.

पुन्हा कोलशेतच्या काठावर येऊ. इथले संरक्षण कायद्याच्या दृष्टीने वाईट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातली कांदळवने तोडण्यास मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. २०१२ मध्ये वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ ठरले. २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात महाराष्ट्रातली कांदळवने ३२४ चौरस किलोमीटर दाखवली आहेत. पण आकडा हिरव्या रंगाचा असतो, त्या हिरव्यात कोण आहे ते तो सांगत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कांदळवनांच्या वीसच्या आसपास जाती आहेत: कांदळ, चिपी, काजळा, गेवा, मारांडी… शहरालगतच्या खाड्यांत मात्र बहुतेक राज्य एकट्या तिवराचे. खारटपणा, घाण, गाळ सगळे तो सोसतो. तो सोसतो हे आपले नशीबच, पण उपग्रहाला तिवरांचे रान आणि दहा जातींचे रान सारखेच हिरवे दिसते.

आणि तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. चिखलातून वर आलेली त्याची पेन्सिलीसारखी मुळे श्वासाची असतात. भराव टाकून भरतीची वाट अडवली, किंवा उलट पाणी कायमचे कोंडून ठेवले, तर ही मुळे गुदमरतात आणि झाडे उभ्या उभ्या वाळतात. बाळकूम ते गायमुख असा खाडीकाठचा रस्ता आखला गेला आहे. तो याच पट्ट्याला धरून जातो. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे किती लावली, हा हिशेब अशा वेळी दिला जातो. आमच्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रस्त्याखालून भरतीचे पाणी आत-बाहेर करण्याच्या वाटा किती, केवढ्या, आणि गाळाने बुजल्या तर त्या कोण उपसणार? हा प्रश्न सातवीतली मुलेही चिंचोक्यांचा खेळ खेळल्यावर विचारू शकतात.

कोलशेतच्या मुलांनी एक नोंदवही सुरू केली आहे. तारीख, तिथी (भरती-ओहोटी तिथीवरून कळते, आणि ती आजींना पाठ असते), जागा, काय दिसले, कोणी पाहिले. गावातले नाव आधी, शास्त्रीय नाव सापडले तर नंतर. वही सुरू करताना आम्ही त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हे छोटे घुबड १८८४ नंतर कुणालाच सापडले नव्हते. ते संपले असे बहुतेकांनी धरले होते. संग्रहालयात १९१४ सालचा एक नमुना होता, गुजरातेतला, आणि शोधणारे तिथे जाऊन हात हलवत परत येत. पुढे उघड झाले की तो नमुना दुसऱ्याचा चोरलेला आणि त्यावरची चिठ्ठी रिचर्ड माइनर्त्झहागेन या संग्राहकाने खोटी लिहिलेली. ती चिठ्ठी बाजूला ठेवून पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर झाडावर बसलेला होता. ११३ वर्षांनी. २०१४ मध्ये तो आपल्या ठाणे जिल्ह्यात, तानसाच्या अभयारण्यातही आढळला.

पुढच्या खेपेला वही पाहिली तेव्हा आजींच्या यादीतल्या काही नावांपुढे मुलांनी ‘दिसला नाही’ लिहिले होते. एका नावापुढे लिहिले होते, ‘अजून शोधला नाही’. आम्ही बाकीच्यांना त्यांच्या नोंदी पुन्हा तपासायला सांगितले. त्यातल्या तीन खोडल्या गेल्या आणि तिथेही तेच लिहिले गेले. आता पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला जायचे ठरले आहे.